दात्तामित्रीचा इंद्राग्निदत्त: ग्रीक राजांची शहरे आणि नाशिकच्या डोंगरातील एक पत्ता

१/
महाराष्ट्रात ग्रीक राजाच्या नावाचे एकही शहर नाही. कोणा ग्रीक राजाने सह्याद्रीच्या पायथ्याशी नगर वसवल्याचा पुरावाही नाही. तरीही अशाच एका राजाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या शहराचा उल्लेख नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सुमारे १९०० वर्षांपासून कोरलेला आहे. तो कोरवून घेणारा राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. त्या शहराहून आलेल्या एका उपासकाने आपली ओळख सांगताना गावाचे नाव दिले, एवढेच. हा धागा त्या पत्त्याविषयी आहे.

२/
पांडवलेण्यांतील १७ व्या लेण्यात ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक दानलेख आहे. दात्याचे नाव इद्राग्निदत, म्हणजे संस्कृतात इंद्राग्निदत्त. वडिलांचे नाव धम्मदेव. स्वतःविषयी तो तीन गोष्टी सांगतो. तो ‘ओतराह’ आहे, म्हणजे उत्तरेकडचा. तो ‘योणक’ आहे, म्हणजे यवन. आणि तो ‘दातामितियक’ आहे, म्हणजे दात्तामित्री नावाच्या नगरीचा रहिवासी.

३/
मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. गाव मागे राहते आणि त्याला ‘कर’ लावून माणूस ते पिढ्यान्‌पिढ्या सोबत नेतो. ‘दातामितियक’ हे आजच्या वळणाने लिहायचे तर ‘दात्तामित्रीकर’ असे होईल. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही दात्तामित्री म्हणजे डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावाची ‘डेमेट्रियास’ नगरी. हे नाव सह्याद्रीपर्यंत कसे पोहोचले, हे समजून घेण्यासाठी आधी भूमध्य समुद्राकडे जावे लागते.

४/
शहराला स्वतःचे नाव देण्याची ही प्रथा अलेक्झांडरच्या वडिलांपासून ठळकपणे दिसते. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इ.स.पू. ३५६ मध्ये क्रेनिडेस ही वसाहत ताब्यात घेतली आणि तिचे नाव फिलिपी ठेवले. जवळच सोन्याच्या खाणी होत्या. मुलाने वडिलांना मागे टाकले. इ.स.पू. ३३१ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर अलेक्झांड्रियाची आखणी झाली. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी तर त्याने आपल्या लाडक्या घोड्याच्या, ब्युसेफॅलसच्या, नावाने नगर वसवले. प्लुटार्क अलेक्झांडरच्या नगरांची संख्या ७० हून अधिक सांगतो. आधुनिक इतिहासकार मात्र त्यापैकी फारच थोडी मान्य करतात.

५/
इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडरचा मृत्यू झाला आणि त्याचे सेनापती आपसांत लढू लागले. हे सगळे कर्तबगार होते, पण सिंहासनावर जन्मसिद्ध हक्क सांगावा असे त्यांच्यापैकी कोणाचेच घराणे नव्हते. इ.स.पू. ३०६ पासून त्यांनी एकामागोमाग एक राजा ही पदवी धारण केली. ज्याला वारशाने राज्य मिळालेले नाही, त्याला आपले नाव जमिनीवर उमटवण्याची घाई असते. हेलेनिस्टिक काळातील शहरांच्या नावांमागे ही घाई दिसते.

६/
कॅसँडरचे उदाहरण पाहावे. त्याने आपल्या नावाने कॅसँड्रिया वसवले आणि अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीशी, थेस्सालोनिकेशी, विवाह केला. तिच्या नावाने उभे राहिलेले शहर म्हणजे आजचे थेस्सालोनिकी. स्ट्रॅबो सांगतो की आसपासच्या २६ वसाहती मोडून तिथली माणसे या नव्या शहरात आणली गेली. पत्नीच्या नावाचे शहर म्हणजे राजघराण्याशी जोडलेल्या नात्याची जाहीर नोंदच होती. त्या २६ वसाहतींची नावे मात्र आज मोजक्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाहीत.

७/
सेल्युकसने हे काम सर्वांत पद्धतशीरपणे केले. इ.स.पू. ३०१ मधील इप्ससच्या लढाईनंतर उत्तर सीरिया त्याच्या हाती आला आणि तिथे त्याने चार मोठी नगरे उभारली. सेल्युकिया स्वतःच्या नावाने, अँटिओक वडील अँटिओकस यांच्या नावाने, लाओडिसिया आई लाओडिकेच्या नावाने, आणि अपामिया पत्नी अपामाच्या नावाने. अपामा मध्य आशियातील सोग्दियाची होती. नकाशावर एक कुटुंबच मांडले गेले. अँटिओक म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या आणि लाओडिसिया म्हणजे सीरियातील लताकिया.

८/
इतिहासकार अ‍ॅपियनने सेल्युकसच्या नगरांची यादीच दिली आहे. वडिलांच्या नावाची १६, आईच्या नावाची ५, स्वतःच्या नावाची ९, अपामाच्या नावाची ३ आणि दुसरी पत्नी स्ट्रॅटोनिकेच्या नावाचे १. ही केवळ हौस नव्हती. निवृत्त किंवा राखीव सैनिकांना जमीन देऊन अशा नगरांत वसवले जाई. त्यांच्या बळावर रस्ते राखले जात, कर गोळा होई, आणि वेळ पडल्यास सैन्य उभे राही. नगराचे नाव सैनिकाला रोज आठवण करून देई की ही जमीन कोणी दिली.

९/
इजिप्तमधील टॉलेमी घराणेही मागे नव्हते. दुसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. २७५ च्या सुमारास तांबड्या समुद्रावर एक बंदर उभारले आणि त्याला आई बेरेनिकेचे नाव दिले. सुरुवातीला तिथे प्रामुख्याने आफ्रिकेतून युद्धासाठी पकडलेले हत्ती उतरत. त्याच राजाच्या ‘फिलाडेल्फस’ या बिरुदावरून रब्बत-अम्मोन या प्राचीन शहराचे नाव फिलाडेल्फिया झाले. अक्को या जुन्या बंदराला टॉलेमाईस हे नाव मिळाले. बेरेनिके हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध थेट कल्याणच्या खाडीशी येतो.

१०/
आता या नावांचे पुढे काय झाले? लायसिमॅकसने इफेससला पत्नीच्या नावावरून आर्सिनोइया म्हणायला लावले. इ.स.पू. २८१ मध्ये तो रणांगणावर मारला गेला आणि शहर पुन्हा इफेसस झाले. टॉलेमाईसला लोक पुन्हा अक्को म्हणू लागले. फिलाडेल्फियाच्या जागी आज जॉर्डनची राजधानी अम्मान आहे आणि तिच्या नावात जुने अम्मोन टिकून आहे. काही शतके सरकारी कागदांत आणि नाण्यांवर राहिलेले नाव सत्ता ओसरताच गळून पडले, कारण तिथल्या लोकांच्या तोंडी जुने नाव कायम होते.

११/
याउलट अलेक्झांड्रिया, थेस्सालोनिकी, अंताक्या, लताकिया ही नावे आजही चालतात. तिथे बाहेरून आलेल्यांची मोठी नवी वस्ती झाली. त्यांच्यापुरते शहराला दुसरे नावच नव्हते. मुले तिथे जन्मली, व्यापार तिथे झाला, माणसे परगावी गेली तेव्हा आपण तिथले असे सांगू लागली. राजाची आठवण पुसट झाली तरी नाव उरले. नाव ठेवण्याचा अधिकार राजाकडे असतो. ते चालवण्याचा अधिकार रहिवाशांकडे. दात्तामित्री हे याचेच टोकाचे उदाहरण आहे.

१२/
डेमेट्रियस हा बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरातील ग्रीक राजा. युथिडेमस हा त्याचा पिता. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी त्याने हिंदुकुशच्या दक्षिणेकडे सत्ता वाढवली. नाण्यांवर तो हत्तीच्या मस्तकाचे शिरस्त्राण घातलेला दिसतो. अलेक्झांडरच्या स्मरणार्थ पाडलेल्या नाण्यांवरही तेच चिन्ह होते. भारताच्या दिशेने केलेल्या विजयाचा दावा त्यातून सुचवला जातो. पूर्वजांच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या नावाचे नगरही उभे राहिले.

१३/
ते नगर कोणते, याविषयी दोन मते आहेत. पार्थियन साम्राज्यातील मार्गांचे वर्णन करणारा इसिडोर अराकोशियात, म्हणजे कंदाहारच्या परिसरात, डेमेट्रियास नावाच्या शहराची नोंद करतो. दुसरीकडे संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत दात्तामित्री ही नगरी सौवीर देशात, म्हणजे सिंधू नदीच्या खालच्या भागात, सांगितली आहे. दोन्ही ठिकाणे नाशिकहून पाहता उत्तरेलाच पडतात, त्यामुळे ‘ओतराह’ हा शब्द दोन्हींना लागू होतो.

१४/
नावाचा प्रवास त्याहून रंजक आहे. डेमेट्रियस हे नाव डेमेटर या ग्रीक धान्यदेवतेवरून आले. पुढच्या काळातील त्याच नावाच्या राजाच्या नाण्यांवर खरोष्ठी लिपीत ते ग्रीक उच्चाराला धरून ‘दिमेत्रिय’ असे लिहिलेले आढळते. पण लोकांच्या तोंडी नाव रुळले की ते ओळखीचा अर्थ शोधते. ‘दत्त’ आणि ‘मित्र’ हे दोन्ही आपलेच शब्द. डेमेट्रियसचा दत्तामित्र झाला, त्याच्या नगरीची दात्तामित्री झाली. ग्रीक देवता नावातून निघून गेली आणि नगरी मात्र राहिली.

१५/
या कुटुंबातही तेच घडलेले दिसते. आजोबा धम्मदेव, वडील इंद्राग्निदत्त, मुलगा धम्मरखित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. मधल्या नावात तर इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव आहेत आणि दान बौद्ध संघाला दिलेले आहे. लेखानुसार तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, पर्वतावर हे लेणे, आतील चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी त्याने आई-वडिलांच्या नावे करवल्या आणि मुलासह त्या चारी दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केल्या. भाषा, धर्म आणि नाव बदलले. बदलल्या नाहीत त्या दोन गोष्टी: आपण योणक आहोत, आणि आपले गाव दात्तामित्री.

१६/
अशा यवनांना कोकण आणि देश अपरिचित नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक प्रवाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या माहितीपुस्तकात ‘कॅलिएना’ म्हणजे आपले कल्याण येते. हे बंदर आधी रीतसर व्यापारपेठ होते, पण पुढे सत्तास्पर्धेमुळे तिथे अडथळे आले आणि उतरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला, नेली जाऊ लागली, असे तो नोंदवतो. त्याच भडोचात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात, असेही तो सांगतो. राज्ये गेली होती, नाणी चालत होती.

१७/
कल्याणपासून माल घाटावर नेणाऱ्या वाटा आजच्या प्रवाशालाही ठाऊक आहेत. उल्हास नदीच्या खोऱ्याने कुळगाव-बदलापूरवरून कर्जतकडे जावे, वाटेत राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी लागतात, आणि बोरघाट चढला की कार्ले येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांनी दान दिले आहेत. नाणेघाट चढून गेले की जुन्नर, आणि तिथल्या लेण्यांतही इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने नोंदलेली आहेत. थळघाटाची वाट नाशिकला जाते. इंद्राग्निदत्त या साऱ्या पंगतीतला एक आहे, पण गावाच्या नावात ग्रीक राजा सांभाळून ठेवणारा तोच.

१८/
या व्यापाराचे दुसरे टोक म्हणजे ते बेरेनिके बंदर. हत्तींची गरज संपली आणि राणीच्या नावाचे हे बंदर रोमन काळात भारतीय व्यापाराचे ठिकाण झाले. तिथल्या उत्खननात एका भारतीय रांजणात साडेसात किलोंहून अधिक काळी मिरी सापडली. सागवानी लाकूडही मिळाले. अलीकडे बुद्धमूर्ती आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील संस्कृत मजकुराचा शिलालेखही उजेडात आला. नाशिकच्या डोंगरात यवनाचे बौद्ध दान आणि बेरेनिकेच्या मंदिरात बुद्ध, अशी ही दोन टोके एकाच समुद्राने जोडलेली आहेत.

१९/
त्रिरश्मी डोंगरातच या गोष्टीची दुसरी बाजूही कोरलेली आहे. १७ व्या लेण्यापासून थोड्या अंतरावर ३ रे लेणे आहे. तिथे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील प्रसिद्ध प्रशस्ती आहे. तीत गौतमी बलश्रीच्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक असा केला आहे. एकाच डोंगरात, जवळपास एकाच कालखंडात, ‘यवन’ हा शब्द एका ठिकाणी पराभूत शत्रूचा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आई-वडिलांच्या स्मरणार्थ पाण्याच्या पोढी खोदून देणाऱ्या गृहस्थाचा. राजकीय प्रशस्ती वाचताना हे दुसरे लेणे विसरले की इतिहास अर्धाच कळतो.

२०/
आता कल्याणच्या शेजारी, आपल्या काळात यावे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. नाव देणाऱ्याने स्वतःचे नाव दिले नाही, कोणा सत्ताधीशाचेही नाही. शहर नदीच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

२१/
तरी लोकांनी आपले नाव चालूच ठेवले. आजही उल्हासनगरात पत्ता सांगताना कॅम्प १, कॅम्प ३, कॅम्प ५ असेच सांगितले जाते. बराकी गेल्या, छावणी गेली, शब्द राहिला. आणि घरांत शिकारपूर, लारकाना, सक्कर, हैदराबाद ही मागे राहिलेली गावे ओळखीचा भाग म्हणून टिकली. दात्तामित्री सौवीरातली हे मत स्वीकारले तर इंद्राग्निदत्त त्याच भूमीतून आलेला ठरतो. दोन स्थलांतरांची कारणे अगदी वेगळी आहेत आणि त्यांची तुलना ओढूनताणून करू नये. परंतु सोडलेले गाव नावात जपण्याची मानवी रीत मात्र एकच आहे.

२२/
शेजारच्या अंबरनाथचेही तसेच. तिथले शिवालय शिलाहार राजा मामवाणीच्या काळातले. त्यावरील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. राजाचे नाव अभ्यासकांना लेखामुळे कळते. शहर मात्र देवाच्या नावाने चालते. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नावात दोनच गावे आली, पण कात्रप, मांजर्ली, बेलवली ही नावे रिक्षावाल्यापासून वाणसामानाच्या दुकानापर्यंत रोज उच्चारली जातात. थेस्सालोनिकेच्या २६ वसाहतींना हे भाग्य लाभले नाही.

२३/
महाराष्ट्राला राजांच्या नावाची शहरे नवी नाहीत. खडकी हे मलिक अंबरचे शहर. त्याच्या मुलाच्या, फतेह खानाच्या काळात ते फतेहनगर झाले, १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने ते औरंगाबाद केले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. अहमद निजामशाहाने वसवलेले अहमदनगर आता अहिल्यानगर झाले. प्रत्येक नामांतरामागे त्या त्या काळाची सत्ता, अस्मिता आणि स्मृती असते. सेल्युकसपासून आजपर्यंत यात काही बदललेले नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न नेहमी सोबत ठेवावा: हे नाव कोणी ठेवले याबरोबरच, ते कोणी, कुठे आणि किती काळ वापरले?

२४/
डेमेट्रियसने सैन्य हलवले, नाणी पाडली, स्वतःच्या नावाचे शहर मागे ठेवले. त्या शहराची जागा आज नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही. भारताच्या भूमीवर त्याचे नाव दगडात टिकवले ते एका गृहस्थाने, आणि तेही राजाच्या गौरवासाठी नव्हे, तर ‘मी कुठला’ हे सांगण्यासाठी. पांडवलेण्यांना गेलात तर ३ ऱ्या लेण्याची प्रशस्ती पाहून परतू नका. पुढे १७ व्या लेण्यापर्यंत जा. मुलाला सोबत घेऊन आई-वडिलांसाठी दान करणारा दात्तामित्रीकर तिथे आपला पत्ता सांगत उभा आहे.